आय.एस.आय. चिन्ह आणि पत्र्याचा कूलर

उन्हाळा सुरू झाला की मराठवाड्यातील वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास वाचायला मिळते. कूलरमध्ये पाणी भरताना किंवा कूलर सरकवताना कोणाला तरी विजेचा धक्का बसतो आणि त्यात त्या व्यक्तीचा मृत्यू होतो. बातमी चार-सहा ओळींची असते. बहुतेक वेळा बळी पडलेली व्यक्ती म्हणजे घरातली बाई किंवा लहान मूल असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहिले तर अलीकडच्या काळात देशात विजेच्या धक्क्याने वर्षाकाठी बारा हजारांहून अधिक माणसे दगावतात असे दिसते. यात शेतातल्या तारांचे आणि पंपांचे अपघातही आले, पण घरातल्या उपकरणांचा वाटाही त्यात आहेच.

या प्रश्नावर शाळेत आपण काय शिकवतो? 'विजेची वस्तू घेताना आय.एस.आय. चिन्ह पाहून घ्या', हे वाक्य आपण वर्गात सांगतो, भित्तिपत्रकावर लिहितो आणि परीक्षेत विचारतो. या उपदेशाचेच एकदा परीक्षण व्हावे असे आम्हांला वाटते. तो चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो अर्ध्यावर थांबतो, आणि जिथे थांबतो तिथूनच हिंगोलीसारख्या जिल्ह्यातला खरा धोका सुरू होतो, हा आमचा आक्षेप आहे.

चिन्हामागची परीक्षा

भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९५२ च्या कायद्याने तिला प्रमाणन चिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. पुढे १९८६ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९८७ पासून तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली. संस्था गेली, पण तिच्या इंग्रजी नावाची तीन आद्याक्षरे चिन्हात कायम राहिली. आज ब्यूरोचे काम २०१६ च्या कायद्यानुसार चालते. इस्त्री, पाणी तापवण्याचा इमर्शन रॉड, गिझर, स्विच, केबल अशा अनेक वस्तूंना हे चिन्ह २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने सक्तीचे झाले.

या चिन्हामागे जी परीक्षा असते ती विज्ञानाच्या शिक्षकाने जरूर समजून घ्यावी, कारण ती खरोखरच कसून घेतलेली असते. घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेचे सर्वसाधारण मानक आय.एस. ३०२ हे आहे. त्यात सांधे असलेले एक कृत्रिम बोट वापरतात. उपकरणाच्या प्रत्येक फटीत ते घालून पाहायचे आणि विजेच्या भागाला ते टेकते का हे तपासायचे. नेहमीच्या विद्युतरोधक आवरणावर एक मिनिटभर १००० व्होल्ट देऊन ते फुटते का हे पाहतात. उपकरणाची वायर ठरावीक जोराने पंचवीस वेळा ओढतात. ती आतून सुटता कामा नये. हाताळून वापरायच्या व भूसंपर्क असलेल्या उपकरणातून होणारी प्रवाहाची गळती पाऊण मिलिअँपिअरपेक्षा जास्त चालत नाही. उपकरणाचा धातूचा सांगाडा आणि त्याचे भूसंपर्काचे टोक यांमधून किमान २५ अँपिअर प्रवाह सोडतात आणि त्या मार्गाचा रोध ०.१ ओहमपेक्षा अधिक नाही याची खात्री करून घेतात.

या शेवटच्या चाचणीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. इस्त्री, गिझर, धातूच्या बाह्यांगाचा कूलर ही 'पहिल्या वर्गाची' उपकरणे मानली जातात. त्यांच्या सुरक्षिततेचे दोन आधार आहेत. आतले विद्युतरोधक आवरण हा एक आणि ते फुटले तर प्रवाह जमिनीत नेणारी भूसंपर्क तार हा दुसरा. 'दुसऱ्या वर्गाच्या' उपकरणांना दुहेरी आवरण असते आणि त्यांच्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते. त्यांना तिसरी पिन लागत नाही. म्हणजे पहिल्या वर्गाच्या उपकरणाला चिन्ह देताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते: ते जिथे लावले जाईल तिथे भूसंपर्क चांगला असेल. उपकरणाच्या आतला ओहमचा दहावा भाग प्रयोगशाळा मोजते. भिंतीपलीकडचा रोध मोजणे तिच्या कामात येत नाही.

एक चिन्ह, दोन पद्धती

दुसरा मुद्दा चिन्हाच्या वाचनाचा. खऱ्या आय.एस.आय. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली 'सी.एम./एल.' या अक्षरांनंतर परवाना क्रमांक असतो. हा परवाना देण्यापूर्वी कारखान्याची तपासणी होते, उत्पादकाने नेमून दिलेल्या चाचण्या सतत करायच्या असतात, आणि ब्यूरोचे अधिकारी कारखान्यातून व बाजारातून नमुने उचलतात.

मोबाइलचा चार्जर किंवा एल.ई.डी. दिवा यांच्यावर मात्र वेगळी खूण दिसते. तिच्यासोबत 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ही सक्तीची नोंदणी सुरू झाली. यात उत्पादक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घेतो आणि आपला माल मानकाप्रमाणे आहे असे स्वतः घोषित करतो. नोंदणीपूर्वी कारखान्याची तपासणी होत नाही. दोन्ही पद्धतींना आपापली कारणे आहेत, पण त्या सारख्या नाहीत. आपण मात्र वर्गात दोन्हींना एकाच मापाने मोजतो. वीजबचतीचे तारे हीही अनेकांना सुरक्षिततेची खूण वाटते. ते फक्त वीज किती लागते एवढेच सांगतात.

दोन्ही पद्धतींत आणखी एक मर्यादा समान आहे. प्रयोगशाळेत तपासला जातो तो नमुना आणि आपल्या हाती येतो तो हजारोंतला एक नग. दोन्ही सारखे आहेत हे कारखान्याच्या शिस्तीवर आणि बाजारातल्या देखरेखीवर ठरते. परवान्याशिवाय चिन्ह वापरणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान दोन लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आजच्या कायद्यात आहे. कायदा कडक आहे, पण ब्यूरोची महाराष्ट्रातली शाखा कार्यालये मुंबई, पुणे आणि नागपूर येथे आहेत. सेनगाव किंवा कळमनुरीच्या आठवडी बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळणाऱ्या प्लगपर्यंत त्या कार्यालयांचा हात किती वेळा पोचत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

भाग तपासलेले, यंत्र न तपासलेले

आता कूलरकडे येऊ. आपल्या भागातला लोकप्रिय कूलर पत्र्याचा. पत्रा कापून, वाकवून, रंगवून तो गावातल्याच कारागिराच्या दुकानात तयार होतो. मोटर एका ठिकाणची, पाण्याचा छोटा पंप दुसरीकडचा, वायर तिसरीकडची. 'आय.एस.आय. वायर, आय.एस.आय. मोटर' असे दुकानदार अभिमानाने सांगतो आणि ते खरेही असू शकते. तरी त्यावरून कूलर तपासलेला आहे असे सिद्ध होत नाही. तांदूळ निवडलेले आणि डाळ चांगली असली म्हणून खिचडी करपणार नाही असे कोणी म्हणत नाही.

वायर पत्र्याच्या ज्या भोकातून आत जाते, तिथे रबराचे वेटोळे आहे का? नसेल तर पंख्याच्या थरथरीने पत्र्याची धार वायरचे आवरण हळूहळू कापत जाते. वायर आत पक्की अडकवली आहे का, की ओढली तर थेट जोडावर ताण येतो? गवताच्या जाळीवरून ओघळणारे पाणी जोडावर पडते का? पत्र्याला भूसंपर्काचा स्क्रू आहे का, आणि रंग खरवडून तो बसवला आहे का? हे सगळे प्रश्न पूर्ण यंत्राचे आहेत. कोणत्याही एका सुट्या भागाच्या चिन्हात त्यांची उत्तरे सापडत नाहीत. कूलरसाठी आय.एस. ३३१५ हे स्वतंत्र मानक उपलब्ध आहे, पण पत्र्याच्या दुकानात ते पोचलेले नाही.

दुरुस्तीचीही हीच गोष्ट. मोटर पुन्हा गुंडाळली, वायरला टेप लावून जोड दिला, तीन पिनांचा प्लग तुटला म्हणून दोन पिनांचा लावला, की मूळ परीक्षेचा निकाल त्या वस्तूला लागू राहत नाही. खेड्यातली वस्तू दहा-पंधरा वर्षे दुरुस्त होत होत चालते. ही काटकसर कौतुकाची आहे, पण बाह्यांगावरचे जुने चिन्ह तिच्या आजच्या अवस्थेविषयी काहीच सांगत नाही.

भिंतीच्या पलीकडे

मुख्य मुद्दा भूसंपर्काचा आहे. तो नववीच्या ओहमच्या नियमाने सहज उलगडतो, म्हणून येथे आकडे मांडतो.

ग्रामीण भागात पुष्कळ घरांचा भूसंपर्क त्या घराने स्वतः गाडलेल्या सळईवर किंवा नळीवर अवलंबून असतो. समजा, या भूसंपर्काचा रोध २० ओहम आहे आणि गावच्या डीपीच्या भूसंपर्काचा ५ ओहम. कूलरच्या आत फेजची तार पत्र्याला टेकली. प्रवाह पत्र्यातून घराच्या भूसंपर्कात, तिथून जमिनीतून डीपीकडे जाईल. एकूण रोध २५ ओहम. प्रवाह २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर. घरातला १६ अँपिअरचा एम.सी.बी. इतक्या प्रवाहाने पडणार नाही. नेहमीच्या प्रकारचा असा एम.सी.बी. तत्क्षणी पडायला १६० अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो आणि त्यासाठी सगळ्या मार्गाचा रोध सुमारे १.४ ओहमच्या आत हवा. जाड तार घातलेल्या किटकॅट फ्यूजबद्दल तर बोलायलाच नको.

या वेळी कूलरच्या पत्र्यावर किती व्होल्ट असतील? ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट. कूलर चालूच आहे, हवा गार येते आहे, आणि पत्र्यावर १८४ व्होल्ट आहेत. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध १००० ओहम धरला तर त्याच्यातून १८० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जाईल. पायाखालच्या फरशीचा रोध मिळवला तर हा आकडा कमी होईल. तरी हृदयाचे ठोके विस्कळीत करण्याचा धोका ३० मिलिअँपिअरच्या पुढे झपाट्याने वाढतो हे लक्षात ठेवले पाहिजे. या अपघातात भूसंपर्क होता, एम.सी.बी. होता, कदाचित वायरवर चिन्हही होते.

२० ओहम हा आकडा आम्ही उदाहरणादाखल घेतला आहे. प्रत्यक्ष रोध जमिनीवर अवलंबून असतो, आणि इथे आपल्या जिल्ह्याचा भूगोल मध्ये येतो. कयाधू आणि पूर्णेच्या काठची खोल काळी माती ओली असताना विजेला चांगली वाट देते. तीच माती चैत्र-वैशाखात सुकते, भेगाळते आणि गाडलेल्या सळईपासून सुटते. औंढा-सेनगावच्या माळावर तर थोड्या मातीखाली मुरूम आणि काळा पाषाणच. म्हणजे कूलरला भूसंपर्काची सर्वांत जास्त गरज असते त्याच महिन्यांत तो सर्वांत दुबळा असतो. आय.एस. ३०४३ हे भूसंपर्काचे मानक जमिनीचा ओलावा आणि प्रत्यक्ष मोजणी या दोन्हींचा विचार करायला सांगते. नव्या जोडणीच्या वेळी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यानंतर पुन्हा मोजणी झालेले घर शोधावे लागेल.

वायरमन पुष्कळदा फेज आणि भूसंपर्क यांमध्ये शंभर वॅटचा दिवा लावून दाखवतात आणि दिवा लागला की 'अर्थिंग चांगले आहे' असे सांगतात. या परीक्षेचेही गणित करून पाहू. त्या दिव्याचा रोध सुमारे ५२९ ओहम. भूसंपर्काच्या मार्गाचा रोध ५० ओहम असला तरी दिव्याला सुमारे २१० व्होल्ट मिळतात आणि तो झकास लागतो. ५० ओहमचा भूसंपर्क मात्र एम.सी.बी. पाडायला अगदीच निरुपयोगी. दिवा लागणे हा तार तुटलेली नसल्याचा पुरावा आहे, भूसंपर्क पुरेसा असल्याचा नव्हे. ही परीक्षा जिवंत तारेवर होते, म्हणून विद्यार्थ्यांनी किंवा शिक्षकांनी ती स्वतः कधीही करू नये.

उपकरणांच्या तपासणीचा इतिहासही हेच सांगतो. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात विजेच्या दिव्यांचा लखलखाट होता आणि आगीची भीतीही होती. विमा कंपन्यांच्या वतीने विल्यम मेरिल या अभियंत्याने तिथली पाहणी केली आणि १८९४ मध्ये अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही तपासणी संस्था उभी राहिली. त्यापाठोपाठ १८९७ मध्ये अमेरिकेत इमारतींच्या वायरिंगची राष्ट्रीय संहिता तयार झाली. वस्तूची परीक्षा आणि घराची परीक्षा ही जोडी सुरुवातीपासूनची आहे. आपल्याकडेही वायरिंगची मानके आहेत, पण लोकशिक्षणात आपण वस्तूचे चिन्ह तेवढे उचलले आणि घराची परीक्षा विसरलो.

दुसरी बाजू

'मग पत्र्याच्या कूलरलाही चिन्ह सक्तीचे करा', असे कोणी म्हणेल. आम्हांला हा उपाय तितकासा सोपा वाटत नाही. गावातल्या कारागिराला प्रयोगशाळेचा आणि परवान्याचा खर्च झेपणार नाही. सक्ती झाली तर दुकान बंद पडेल किंवा तेच काम पावतीशिवाय होईल. ज्याला मोठ्या कंपनीचा कूलर परवडत नाही त्याला उन्हाळा तर काढायचाच आहे. आहे त्या कारागिराला चार गोष्टी शिकवणे अधिक फलदायी ठरेल: भोकाला रबर, वायरला पकड, पत्र्याला भूसंपर्काचा स्क्रू, आणि तीन पिनांचा प्लग. या चारींचा मिळून खर्च फार नाही.

घराच्या बाजूने सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे गळतीवर पडणारा स्विच, ज्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडतो. वरच्या उदाहरणात गळती ९.२ अँपिअर होती, म्हणजे माणसाने हात लावण्यापूर्वीच तो पडला असता. भूसंपर्काचा रोध १००० ओहम असला तरी २३० मिलिअँपिअर गळतात आणि तो पडतोच. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडले तर मात्र तो वाचवू शकत नाही, हेही मुलांना सांगावे. त्याच्यासाठी आय.एस. १२६४० हे मानक आहे, आणि चिन्ह पाहून घेण्याचा उपदेश इथे पुरेपूर लागू पडतो. त्याची किंमत कूलरपेक्षा बरीच कमी असते. केंद्राच्या नियमांत अशा संरक्षणाची सक्ती आहे, पण लहान भाराच्या जोडण्यांना सूट ठेवली आहे. लहान भाराची घरे म्हणजे बहुधा गरिबांची घरे. ज्यांच्याकडे पत्र्याचा कूलर असण्याचा संभव सर्वाधिक, त्यांनाच ही सूट मिळावी हे आम्हांला पटत नाही.

शाळेत काय करता येईल

विद्यार्थ्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूवरचे चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि 'सी.एम./एल.' किंवा 'आर' क्रमांक उतरवून आणावा. वस्तू बंद करून, प्लग काढलेला असतानाच हे काम करावे. ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाइल ॲपवर ते क्रमांक तपासता येतात. सोबत एक रकाना पिनांचा ठेवावा: दोन की तीन, आणि दोन असतील तर चौकोनात चौकोन आहे का? ज्या वस्तूला तिसरी पिन हवी होती पण उरलेली नाही, त्यांची यादी वेगळी करावी. ती यादी पालकसभेत वाचून दाखवावी.

दुसरा उपक्रम मोजणीचा आहे आणि तो जाणकाराकडूनच करून घ्यायचा आहे. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्रीच्या निदेशकांना विनंती करून शाळेच्या भूसंपर्काचा रोध एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये मोजून घ्यावा. दोन आकड्यांतला फरक फलकावर लिहावा आणि वरचे गणित त्या आकड्यांनी पुन्हा सोडवावे. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. तिथे प्रोटॉनच्या व्यासाहूनही सूक्ष्म बदल मोजायचे आहेत. त्या जिल्ह्यातल्या शाळेने आपल्या भूसंपर्काचे ओहम मोजावेत ही अपेक्षा फार मोठी नाही.

भूसंपर्काची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड का असते, हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे परीक्षेत विचारतो आणि मुले बरोबर उत्तर लिहितात. यापुढे त्याला जोडून आणखी एक उपप्रश्न विचारावा अशी आमची सूचना आहे: तुमच्या घरातल्या सॉकेटमध्ये ती पिन ज्या तारेला मिळते, ती तार पुढे कोठे जाते?